जुनी डिझेल पिकअप घ्यावी का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या तिघांनाही त्यातील बराच भाग उपयोगी पडेल.

प्रश्न : आमची यावल तालुक्यात ७ एकर बागायत आहे. ३ एकरांत केळी, बाकीच्या क्षेत्रात भरताची वांगी, भेंडी आणि हंगामात कपाशी असते. भाजीपाला जळगावच्या बाजारात पोचवण्यासाठी वर्षाकाठी साधारण ६० खेपा भाड्याच्या गाडीने होतात. जाऊन-येऊन ८० किलोमीटर पडतात आणि एका खेपेला २,००० रुपये भाडे द्यावे लागते. शेजारच्या गावातील एक गृहस्थ त्यांची २०१४ सालची डिझेल पिकअप ३ लाख ७५ हजारांना द्यायला तयार आहेत. मीटर १ लाख ४२ हजार किलोमीटर दाखवते, रंग नवा आहे, दोन टायर नवे आहेत आणि चावी फिरवताच गाडी सुरू होते. मुलगा म्हणतो घेऊन टाकू. माझे थोरले भाऊ म्हणतात की जुने डिझेल इंजिन म्हणजे घरी बांधलेला खर्च. आम्ही काय करावे?
(एक शेतकरी, यावल तालुका)

उत्तर : आपण खेपा, अंतर आणि भाडे हे तिन्ही आकडे कळवले, हे फार चांगले केले. बहुतेक पत्रांत गाडीचा रंग आणि मालकाचा स्वभाव लिहिलेला असतो. गाडी वर्षात किती दिवस चालणार हे नसते. म्हणून आधी हिशेब करू आणि मग गाडीकडे वळू.

भाड्यापोटी आपले वर्षाला १ लाख २० हजार रुपये जातात. गाडी घरची झाली आणि ती माल भरून लिटरला १२ किलोमीटर चालली, तर डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरून एका खेपेला ६०० रुपये, म्हणजे ६० खेपांना ३६ हजार रुपये लागतील. मालवाहू गाडीच्या केवळ तृतीय पक्ष विम्याचा हप्ता ७,५०० किलोपर्यंतच्या वजनाला २०२२ च्या दराप्रमाणे कराशिवाय १६,०४९ रुपये आहे. करासह १८ हजार धरावेत. पासिंग (गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याची आरटीओची तपासणी), पीयूसी आणि रस्ता कर मिळून ८ हजार धरा. दुरुस्ती, ऑइल, ब्रेक आणि टायरांची झीज यांसाठी एवढ्या वयाच्या गाडीला मी वर्षाला ३५ हजारांपेक्षा कमी धरत नाही. ही बेरीज ९७ हजार होते. १ लाख २० हजारांतून ती वजा जाता २३ हजार उरतात, आणि पावणेचार लाख रुपये बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर त्यांचे व्याजच २६ हजारांच्या वर आले असते. मुलाच्या श्रमाचे मोल यात धरलेले नाही. म्हणजे केवळ आपल्या ६० खेपांसाठी ही गाडी परवडत नाही.

आपल्या थोरल्या भावांचे म्हणणे मात्र एवढ्यावरून पूर्ण खरे ठरत नाही. भाऊबंदांच्या आणि शेजाऱ्यांच्या मालाच्या आणखी ४० खेपा जरी मिळाल्या, तरी डिझेल जाऊन प्रत्येक खेपेला १,४०० रुपये याप्रमाणे ५६ हजार रुपये येतात. जादा झिजेचे काढून ठेवले तरी ४५ हजार हातात राहतात आणि चित्र बदलते. शिवाय ज्याने भेंडी विकली आहे त्याला वेगळे सांगायला नको की भाड्याची गाडी तासभर उशिरा आली तर लिलाव हुकतो आणि त्या दिवशीचा भाव पडतो. घरच्या गाडीचा हा फायदा वहीत मांडता येत नसला तरी तो खरा असतो. म्हणून आधी गावात फिरून त्या ४० खेपा कोणाच्या, कोणत्या महिन्यांत आणि किती भाड्याने मिळतील याची नावानिशी यादी करावी. यादी झाली तरच गाडी पाहायला जावे.

आता गाडीविषयी. नवा रंग, नवे टायर आणि झटकन सुरू होणे या तीन गोष्टींनी आपण प्रभावित झाला आहात, आणि या तिन्हींचे महत्त्व मी बेताचेच मानतो.

झटकन सुरू होण्याचेच घ्या. आपले पत्र मे महिन्यातले आहे. यावल-भुसावळकडे या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि पहाटेसुद्धा इंजिनचे लोखंड कोमट असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. बाहेरची हवाच तापलेली असली की पिस्टन-रिंग झिजलेले, कॉम्प्रेशन (हवा दाबण्याची ताकद) उतरलेले, थंडीत आतली हवा तापवणारे हीटर प्लग जळालेले इंजिनही मुकाट्याने सुरू होते. तेच इंजिन डिसेंबरात, पारा १० अंशांच्या खाली उतरलेल्या सकाळी, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवते. त्यामुळे खान्देशात उन्हाळ्यात घेतलेल्या जुन्या डिझेल गाडीचे खरे रूप पहिल्या थंडीत कळते. हिवाळ्यापर्यंत थांबणे शक्य नसेल तर थंड इंजिनाची पाहणी काळजीपूर्वक करावी लागते.

ती अशी करावी. मालकाला आदल्या दिवशी सांगावे की सकाळी सहाला येतो आणि आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बोलण्याआधी बॉनेटवर आणि मग रेडिएटरच्या वरच्या होजवर तळहात ठेवावा. कोमट लागला तर गाडी आधी चालवून ठेवली आहे. तेव्हा वाद न घालता दुसरा दिवस ठरवावा. होज गार असेल तर रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाची साय आहे का ते पाहावे, ऑइलची पट्टी काढून ऑइल ताकासारखे पांढरट झाले आहे का ते पाहावे. यांपैकी काहीही दिसले तर हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालची सील) किंवा त्याहून मोठे काम निघण्याची शक्यता असते. मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरजवळ उभे राहावे. सुरुवातीचा थोडा पांढुरका धूर लगेच विरला तर चिंता नाही. गाडी गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे. रेस दिल्यावर काळ्या धुराचा लोट आला तर एअर फिल्टर, नोझल, पंप किंवा टर्बो यांपैकी कुठेतरी दोष आहे, आणि हे दोष निळ्या धुराच्या मानाने स्वस्तात निघतात.

इंजिन दहा मिनिटे चालल्यावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून त्यावर तळहात आडवा धरावा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनांत येते. पण हाताला ठोके बसावेत इतक्या जोराने धूर बाहेर येत असेल, तर ज्याला मेकॅनिक मंडळी बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते झाले आहे आणि इंजिन बांधण्याच्या, म्हणजे उघडून नव्याने जुळवण्याच्या, बेताला आले आहे. इंजिनचे पूर्ण काम लाखाच्या घरात जाऊ शकते. तो खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत, किंवा गाडी सोडावी. मी असतो तर सोडली असती.

आणखी एक खूण आपल्याकडच्या उन्हामुळे मुद्दाम सांगतो. इंजिन उन्हाळ्यात तापते म्हणून पुष्कळ जण थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात. तशी गाडी वीस मिनिटे चालवली तरी तापमानाचा काटा तळालाच राहतो. मालक तो गाडीचा गुण म्हणून दाखवतो. प्रत्यक्षात गारठलेले इंजिन जास्त डिझेल पिते आणि लवकर झिजते. काटा मध्यापर्यंत चढून तिथे स्थिर राहणे, हीच चांगली खूण आहे.

मीटरचा आकडा मी गृहीत धरत नाही. १ लाख ४२ हजार म्हणजे दहा-अकरा वर्षांत दिवसाला जेमतेम ४० किलोमीटर होतात. घरच्या शेतीपुरती वापरलेली गाडी असेल तर हे शक्य आहे, भाड्याने फिरलेली असेल तर पटत नाही. क्लच आणि ब्रेक पेडलचे रबर, स्टेअरिंगवरची हाताची जागा आणि ड्रायव्हरच्या सीटची डावी-उजवी कड यांची झीज मीटरशी ताडून पाहावी. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग झाले असेल, तर मालकाला बरोबर घेऊन चासी नंबरवरून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवरून, जुन्या नोंदी विचाराव्यात. टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. नवे म्हणून दाखवलेले टायर चार वर्षे गोदामात पडलेले निघाल्याची उदाहरणे माझ्यासमोरची आहेत. नवे टायर पुढे आहेत की मागे हेही पाहावे, आणि जे जुने टायर काढले ते एका बाजूने खाल्लेले होते का हे विचारावे. एका बाजूने टायर खाणारी गाडी एकतर अलाइनमेंटला बिघडलेली असते किंवा तिची चासी वाकलेली असते.

आणि चासी हाच माझ्या दृष्टीने जुन्या पिकअपचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, चासी बिघडली की गाडी कायमची अधू होते. हे मी पैसे मोजून शिकलो. मी २३ वर्षे चाळीसगावला वर्कशॉप चालवले. २०११ मध्ये कांद्याच्या वाहतुकीसाठी एका दलालाकडून मी स्वतः एक जुनी पिकअप घेतली. इंजिन मी कान लावून तपासले होते आणि ते खरोखरच चांगले होते. खालून नवा काळा डांबरी रंग मारलेला होता, तो मला गाडीची निगा राखल्याचे लक्षण वाटला. तिसऱ्या आठवड्यात कन्नडचा घाट चढताना मागून करकर ऐकू आली. खाली वाकून पाहिले तर मागच्या कमानपाट्याच्या (पोलादी पानांच्या स्प्रिंगच्या) हँगरपाशी चासीला आधी पट्टी मारून वेल्डिंग केलेले होते, त्यावर तो रंग चढवला होता आणि वेल्डिंगच्या कडेने बोटभर लांबीची नवी भेग उघडली होती. भेगेच्या आत जुना गंज होता. म्हणजे तडा आधीपासून होता आणि विकणाऱ्याला तो ठाऊक होता. घाटात माल दुसऱ्या गाडीत उतरवून घेताना मला त्या पैशांपेक्षा जास्त वाईट याचे वाटले की दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या तपासणारा माणूस स्वतःच्या गाडीखाली नीट झोपून पाहायला चुकला. तेव्हापासून जो कोणी सल्ला विचारतो त्याला मी गोणपाट आणि टॉर्च घेऊन जायला सांगतो.

आपणही तसेच करावे. गाडीखाली झोपून चासीच्या दोन्ही दांड्या पुढून मागेपर्यंत टॉर्चने पाहाव्यात. कमानपाट्यांचे हँगर, क्रॉस मेंबरचे (आडव्या दांड्यांचे) सांधे आणि केबिनच्या मागची जागा, जिथे हौद्याचे वजन सुरू होते, ही तडे जाण्याची ठिकाणे आहेत. नवा रंग असेल तर पाना हलकेच ठोकून रंगाचा पापुद्रा निघतो का पाहावे. मालक हरकत घेत असेल तर ती हरकतच पुरेशी माहिती आहे. कमानपाट्यांची पाने मोजावीत. कंपनीच्या पानांपेक्षा एक-दोन जास्त बसवलेली असतील तर ही गाडी वर्षानुवर्षे क्षमतेच्या वर भरली गेली आहे, असे निःसंशय समजावे. हौद्याचा फाळका बंद करताना दोन्ही बाजूंची फट सारखी असावी. सपाट जागेवर मागून वीस पावलांवर उभे राहून केबिन आणि हौदा एका रेषेत आहेत का हेही पाहावे.

या गाडीतून आजवर काय वाहिले गेले, हे विचारायला संकोच करू नये. भाजीपाला आणि दूध वाहिलेली गाडी वेगळी आणि वाळू वाहिलेली वेगळी. हौद्याच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या बिजागरीत आणि चासीच्या वाकांत नखाने उकरले की वाळूचे कण निघतात. गाडी कितीही धुतली तरी ते राहतात. तापी आणि गिरणेच्या पट्ट्यात हा प्रश्न केवळ झिजेचा नाही. अवैध वाळू वाहतुकीत सापडलेल्या गाडीवर महसूल विभागाची दंडाची कारवाई किंवा पोलिसांत गुन्हा प्रलंबित असू शकतो, आणि तो निकाली निघेपर्यंत नवा मालक नाहक चकरा मारत राहतो. मालकाच्या गावच्या तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात गाडीचा नंबर घेऊन एकदा विचारून यावे. त्यात कमीपणा काही नाही.

चालवून पाहण्यासाठी गावातली एक फेरी पुरत नाही. हौद्यात टनभर माल किंवा मातीच्या गोण्या भराव्यात आणि गाडी सातपुड्याच्या दिशेने पालच्या चढावर न्यावी. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट गेली आहे. उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप सटकत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. वेग कमी-जास्त करताना मागून घरघर येत असेल तर क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रे) पाहायला हवे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टेअरिंग सरळ धरल्यावर ती सरळ जाते का, आणि परत आल्यावर पाणी कमी झाले आहे का, एवढे तपासले की निम्म्याहून अधिक शंका मिटतात. आपला विश्वासू मेकॅनिक बरोबर घ्यावा, आणि तो मालकाचा किंवा दलालाचा ओळखीचा नसावा.

कागदपत्रांत पहिली गोष्ट म्हणजे आरसीवरचे (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचे) नाव आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का. नसेल तर मधल्या खरेदीदाराने गाडी नावावरच करून घेतलेली नाही. नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरने गाडी नावावर होत नाही. नमुना २९ आणि ३० भरून आरटीओकडे हस्तांतर व्हावेच लागते. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि कर्ज फिटल्याचे पत्र मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पासिंगची मुदत, विमा, कर आणि काळ्या यादीतील नोंद पाहता येते. थकलेली ई-चलने त्याच दिवशी मालकाकडून भरून घ्यावीत. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचे आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागते, त्यामुळे आपल्या गाडीला ते वर्षाला करावे लागेल. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनांना राज्यात पर्यावरण कर आहे. तो भरल्याची पावती मागावी. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, ती बसवली आहे का पाहावे. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, वर असेल तर लागतो. हा आकडा आरसीवरच असतो आणि शेजाऱ्यांचा माल भाड्याने वाहायचा असेल तर तो आधी वाचावा. विम्याची पॉलिसी १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल हे लक्षात ठेवावे.

किमतीविषयी. घेतल्याबरोबर सगळी ऑइले, फिल्टर, बेल्ट, होज आणि ब्रेक लायनर बदलावेतच, बॅटरी आणि उरलेले दोन टायर पाहावेत. माझ्या अनुभवात या वयाच्या गाडीला पहिल्या दोन महिन्यांत ४० ते ६० हजार लागतात. म्हणून आपल्याकडे पावणेचार लाख असतील तर गाडीला सव्वातीन लाखांपेक्षा जास्त देऊ नका, आणि त्यातीलही ५० हजार गाडी नावावर होईपर्यंत हातात ठेवा. चासी स्वच्छ आणि सलग असेल, झाकणातून धूर नसेल, नावानिशी ४० खेपांची यादी तयार असेल, तर माझे मत घ्या असेच आहे. चासीला पट्टी दिसली तर दोन लाखांत दिली तरी घेऊ नका.

प्रश्न : शहाद्याजवळ आमची पपई आणि ऊस आहे. दोन गाड्या पाहिल्या आहेत, एक २०१५ ची यांत्रिक पंपाची आणि दुसरी २०२१ ची बीएस-६. दुसरी पावणेदोन पट महाग आहे. शेतातून रस्त्यापर्यंत आणि गावात अशा रोजच्या दोन-चार किलोमीटरच्या पुष्कळ खेपा होतात. कोणती घ्यावी?
(एक शेतकरी, शहादा तालुका)

उत्तर : आपल्या खेपा ज्या प्रकारच्या आहेत त्यावरून मी पहिलीकडे झुकतो, वय जास्त असले तरी.

देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले. प्रत्येक टप्प्यावर धूर कमी झाला, ही सगळ्यांच्याच छातीसाठी चांगली गोष्ट आहे, आणि मी तिला विरोध करणाऱ्यांतला नाही. पण बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिनला बराच वेळ गरम आणि सलग चालावे लागते. शेतातून बांधापर्यंत आणि बांधावरून रस्त्यापर्यंत चालणारी गाडी तेवढी तापतच नाही. मग फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, इंजिनची ताकद उतरते आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. आठवड्यातून दोनदा सुरत किंवा धुळ्याकडे महामार्गाने माल जात असता तर मी आपल्याला २०२१ ची सुचवली असती.

यांत्रिक पंपाच्या गाडीला नोझल आणि पंप दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळतो. कॉमनरेल, म्हणजे २०२१ च्या गाडीसारख्या संगणकाच्या ताब्यात डिझेल फवारणाऱ्या, गाडीचे इंजेक्टर तपासायला यंत्र लागते आणि बदलायला एकेकाचा खर्च मोठा येतो. तरी २०१५ ची घेण्यापूर्वी पंपाच्या खालून डिझेल पाझरते का आणि गरम झाल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा लगेच सुरू होते का, हे जरूर पाहावे. थंड असताना सुरू होणारी आणि गरम असताना अडून बसणारी गाडी बहुधा पंप झिजल्याचे सांगत असते. पपईच्या खोक्यांनी हौदा भरून ती गाडी भर दुपारी तासभर चालवावी, मग पाच मिनिटे बंद ठेवून सेल्फ मारावा.

प्रश्न : दिल्लीकडून आणलेली ९ वर्षांची डिझेल पिकअप एका ओळखीच्या माणसाने शिरपूरला निम्म्या किमतीत देऊ केली आहे. १० वर्षांनंतर डिझेल गाड्या बंद होतात असे ऐकले. आपल्याकडेही होतील का?
(एक दूध व्यावसायिक, शिरपूर)

उत्तर : १० वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबतचे निर्बंध राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तसे आदेश दिले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि पुढेही त्यावर सुनावण्या होत राहिल्या. महाराष्ट्रात निव्वळ वयावरून अशी बंदी नाही. आपल्याकडे गाडी दरवर्षीच्या पासिंगला उतरली की चालते. तिकडे दहा वर्षांच्या जवळ आलेल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात त्याचे कारण हेच आहे.

स्वस्ताईचा मोठा भाग मात्र इथे आल्यावर संपतो. मूळ आरटीओचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, त्यात महाराष्ट्रातील आपल्या आरटीओचे नाव, इथला कर, नव्याने नंबर आणि पासिंग हे सगळे झाल्याशिवाय ती गाडी तुमची होत नाही. दुसऱ्या राज्याची नंबर प्लेट १२ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडण्यापूर्वी विसार देऊ नका. 'कागद मागून येतील' असे जो म्हणतो त्याच्याकडे कागद नसतात, असे समजून चालावे. चासी नंबर प्लेटवर आणि चासीवर कोरलेला असा दोन्हीकडे सारखा आहे का, आणि कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा आहेत का, हे स्वतः पाहा. इंजिन आणि चासी दोन्ही उत्तम असतील तर वरचे सगळे खर्च धरूनही अशी गाडी फायद्याची ठरू शकते.

प्रश्न : आमच्या मुलाकडे साध्या मोटारीचा, म्हणजे एलएमव्हीचा परवाना आहे. पिवळ्या नंबर प्लेटची पिकअप चालवायला वेगळा परवाना काढावा लागेल का? विम्याचा दावा अडेल अशी भीती दाखवली जाते.
(एक गृहिणी, अमळनेर)

उत्तर : गाडीचे एकूण वजन, म्हणजे मालासकटचे नोंदलेले वजन, ७,५०० किलोच्या आत असेल तर वेगळा परवाना लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे, आणि सगळ्या सामान्य पिकअप या मर्यादेत बसतात. मुलाच्या परवान्याची मुदत संपलेली नाही एवढे तपासा, आणि आरसीवरील नोंदीपेक्षा जास्त माल त्याने भरू नये हे त्याला बजावून सांगा.